एका आण्याचा पाय

ब्रेक मारायचा म्हणजे चंद्रभानला सीटवरून उठून उभं राहावं लागे.

आताही तो उभाच होता. डोकं गाडीच्या टपाला टेकलेलं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी आवळलेलं आणि उजव्या पायाखाली ब्रेकचा पायटा. तो पायटा असा कडक, की पाय दगडावर ठेवलाय की लोखंडावर, कळू नये. गाडीत साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघालेली मंडळी कोंबलेली. समोर जामचा चौक आणि चौकात आडव्या लागलेल्या कापसाच्या बैलबंड्या. किसनरावच्या चहाच्या टपरीपुढे बाकावर बसलेल्या माणसांनी गाडी येताना पाहिली आणि आपापला कप उचलून सगळे बाजूला झाले. गाडी आली, तिनं बाकाला नाक लावलं, बाक हातभर मागे सरकला आणि गाडी थांबली. माणसं पुन्हा बाकावर बसली आणि राहिलेला चहा प्यायली.

"चंद्रभानभाऊ," किसनराव आतून म्हणाला, "बाक पार भट्टीपाशी आला तुमच्यानं. अजून दोन डाव आले का मी चाहाची गंजी तुमच्या बोनेटवरच ठेवतो."

"ठेव ना गा. तेवढंच तुयं रॉकेल वाचन."

लोक हसले. चंद्रभानही हसला. पण खाली उतरल्यावर त्यानं बोनेटला हात टेकला आणि मांडीचा थरकाप थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. गाडी बघतोय असं दाखवत.

गाडी परदेशी होती, डिझेलची. बोर धरणाच्या कामावर आलेल्या कुण्या साहेबानं ती आणली आणि जाताना इथेच टाकून गेला. तिथून ती हातोहात फिरत समुद्रपूरच्या भैय्याजींकडे आली. भैय्याजींची संत्र्याची बाग होती, वाडीभर माणसं होती आणि गाडी भाड्यानं फिरवायची हौस होती. नवरी, नवरदेव, आजारी म्हातारे, अडलेल्या बाया, संत्र्यांची पेटारी आणि दवाखान्यातून परत आणायचे ते, ज्यांना आता घाई उरलेली नसते, ते सगळे चंद्रभानच्याच गाडीतून गेले. पंचक्रोशीत त्याला नावानं हाक मारणारे कमी. बाकी सगळे 'डायवर' म्हणत. बायकोही म्हणे.

ब्रेक कडक होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्याचा उजवा पाय इतका वाढला, की समुद्रपूरच्या शिंप्यानं त्याच्या पायजम्याचं माप घेताना दोनदा टेप लावला आणि म्हणाला, डाव्या पायाचं कापड मी शिवतो, उजव्याचं पोतं घेऊन ये. या पायानं त्यानं एकदा किसनरावच्या टपरीमागे नारळ फोडला असंही सांगतात. नारळ नासका होता असंही सांगतात. पण पाय मोठा होता, हे खरं.

आणि हेही खरं, की मागल्या पोळ्याच्या आधी गिरडच्या वाटेवर त्याच्या गाडीखाली एक कालवड गेली होती. चंद्रभान पूर्ण उभा राहिला होता, पायाच्या शिरा तुटतील असा उभा राहिला होता, आणि गाडी तरीही गेली. कालवडीची मालकीण म्हातारी होती. ती भांडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. नुसती कालवडीपाशी बसून तिच्या कानातली माती काढत राहिली. त्या दिवसापासून रस्त्यावर लेकरू दिसलं की चंद्रभानच्या तोंडचं पाणी पळे. पण भैय्याजींना त्यानं काही सांगितलं नाही. सांगितलं तर गाडी जाईल. गाडी गेली तर डायवर जाईल. मग उरतो कोण?

शेवटी भैय्याजींनीच पाहिलं. एकदा ते मागे बसले होते आणि चंद्रभान रस्ताभर सात-आठ वेळा उठला आणि बसला.

"चंद्रभान, तू गाडी चालवून राह्यला का नमाज पढून राह्यला?" घरी पोचल्यावर अंगणात उभं राहून त्यांनी विचारलं.

"जुनी गाडी हाये, भैय्याजी. पायटा थोडा कडक हाये."

"थोडा? तुयं टक्कल टपाले घासून घासून चमकून राह्यलं. हे पाह्य, मी सांगतो तुले. बागेत लाइन येते तेव्हा मोटर जळलेली राह्यते, आन् मोटर बनून आली का लाइन जाते. संत्रा सुकून राह्यला. हे इंजिन काढतो आन् ईहिरीवर बसवतो."

"मंग मी?"

"तू काय, बस ईहिरीपाशी. इंजिन लाव, पाणी सोड. सावलीचं काम हाये."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्या चंद्रभान मोजल्यासारखं करत राहिला.

"ब्रेक बनला तं?" त्यानं मग विचारलं.

"कोण बनवन? नागपूरचा मिस्त्री मांगंच म्हणे का या गाडीचा सामान आता तिच्या देशातबी भेटत नाई."

"नत्थू बनवन."

भैय्याजी हसले. नत्थू मिस्त्रीची ख्याती त्यांनाही माहीत होती. "बरं. नत्थूले म्हणा बनव. मी सोता मांगं बसन, नत्थू त्याची बशी घेऊन पुढं बसन. चाहा सांडला नाई तं गाडी रस्त्यावर. सांडला तं ईहिरीवर. मंग रडू नको."

बशीची गोष्ट अशी. जामच्या चौकात ब्रेकचं काम करावं तर नत्थूनं. आणि नत्थूचा शिरस्ता असा, की ब्रेक बांधून झाला की पहिल्या खेपेला तो स्वतः पुढच्या सीटवर बसणार. हातात तामचिनीची पांढरी बशी, तिच्यात काठोकाठ चहा. दोन्ही हात बशीला, म्हणजे कशाला धरायची सोय नाही. पहिला ब्रेक लागला, गाडी थांबली आणि चहा हलला नाही, तर तो चहा नत्थू पिणार, खाली उतरणार आणि मगच मजुरीला हात लावणार. चहा सांडला तर मजुरी नाही. काम पुन्हा करायचं. एकदा म्हणे एका ट्रकवाल्यानं मुद्दाम वेगात ब्रेक मारला, तर बशीतला चहा उठून उभा राहिला, त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि परत बशीत बसला. किसनराव ही गोष्ट शपथेवर सांगे. चहा त्याचाच होता, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवावा लागे.

नत्थू हिंगणीकडचा गोंड. त्याची टपरी म्हणजे चार बल्ल्या आणि वर पत्रा, मागे लागूनच झोपडी. घरात बायकोशी, रामबाईशी, गोंडी बोले, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी बोले, ट्रकवाल्यांशी हिंदी बोले आणि इंजिनाशी काय बोले ते इंजिनालाच ठाऊक. गाडी दारात आली तसा तो खाली वाकला नाही की बोनेट उघडलं नाही. आधी मागच्या चाकावर हात फिरवला.

"ओळखते का मले?" त्यानं गाडीला विचारलं. मग चंद्रभानकडे वळून म्हणाला, "धरणावर मी पोरगा होतो तवा साहेबानं मले हिच्यासाठीच ठेवलतो. चढावर गाडी उभी केली का चाकामांगं धोंडा लावाचा, एवढंच काम. या गाडीचा पयला ब्रेक मीच हावो, भाऊ."

"मंग आता शेवटलाबी तूच बनव," चंद्रभान म्हणाला.

नत्थूनं इंजिनाच्या कुशीतून एक पंप काढला. मोठ्या वांग्याएवढा. त्याच्या दांड्याच्या टोकाला लोखंडाची एक चपटी जीभ होती. ती जीभ इंजिनाच्या खाचेत बसते आणि इंजिन फिरलं की पंपाला फिरवते. नत्थूनं ती जीभ चंद्रभानच्या नखावर टेकवली. चघळलेल्या पेपरमिंटसारखी ती गोल झाली होती.

"हे पाह्य. इंजिन फिरते, जीभ फिसलते, पंप बसला राह्यते. बावा, डिझेलचं इंजिन पेट्रोलवाणी सोताहून ओढ देत नाई, म्हणून त्याले हा पंप. हा हवा ओढते आन् त्या ओढीनं ब्रेकले जोर भेटते. तू पायानं एक आणा लावला का हा पंधरा आणे लावते. तवा होते सोळा आणे ब्रेक."

"आन् आतापर्यंत?"

"आतापर्यंत सोळाचे सोळा आणे तूच लावून राह्यला होता." नत्थूनं त्याच्या पोटरीकडे पाहिलं. "म्हणून तं ते पोतं."

जीभ बाजारात मिळणार नव्हती. नत्थूनं मोडक्या ट्रकच्या चाकावरच्या कमानीचा पोलादी पाटा घेतला, त्याचा तुकडा तोडला आणि कानशीनं घासायला बसला. घासे, खाचेत घालून बघे, नाक मुरडे, परत घासे. घाई केली तर म्हणे, "जीभ हाये. सैल राह्यली का बरबर करते." मग दांड्याच्या टोकाला चीर पाडून त्यात तो तुकडा बसवला, आरपार पिन ठोकली, लाल होईतो तापवला आणि तेलात बुडवला. तेल खायचं होतं. रामबाईनं त्याला झोपडीतूनच ऐकवलं. गोंडीत ऐकवलं, पण तेल गेल्याचं दुःख कुठल्याही भाषेत कळतं.

पंप चढवला, इंजिन लावलं. नत्थूनं पंपाची रबरी नळी अजून ब्रेकला जोडली नव्हती. तिचं उघडं तोंड त्यानं चंद्रभानपुढे धरलं.

"अंगठा ठेव."

चंद्रभाननं ठेवला. नळीनं अंगठा गच्च धरला, दूध पिणारं वासरू धरतं तसा.

"ओढते का?"

"ओढते रे!" चंद्रभान ओरडला आणि चंद्रभान काही ओरडणारा माणूस नव्हता.

नत्थूनं रामबाईलाही हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन आली आणि तिनंही अंगठा ठेवला. "ओढते का?" नत्थूनं विचारलं. ती दचकली, हसली, "सोड म्हणा बाप्पा त्याले," म्हणत तिनं अंगठा फट्‌कन सोडवला आणि नळीच्या तोंडावर पीठ लावून परत गेली.

मग नत्थू एकदम गंभीर झाला. हात पुसत म्हणाला, "चंद्रभानभाऊ, आता मायं आयक. हा ब्रेक लागन. लई लागन. पण तुया पाय अजून सोळा आण्याचा हाये. सोळा आन् पंधरा किती होते?"

"एकतीस."

"एकतीस आण्याचा रुपया कुठंच चालत नाई. मी ब्रेक बनवला. तुया पाय मले बनवता येत नाई, तो तू बनव. एका आण्याचा कर. तवा बशी घेऊन बसतो."

चंद्रभान घरी गेला आणि बायकोला, जयवंतेला म्हणाला, "एक पापड दे."

"भाजून?"

"कच्चा."

त्यानं पापड भिंतीपाशी विटेवर ठेवला, समोर पाटावर बसला, दोन्ही हात स्टिअरिंग धरल्यासारखे केले आणि उजवा पाय पापडावर ठेवला. पापडाचा चुरा झाला. दुसरा मागितला. त्याचाही झाला. जयवंता कमरेवर हात ठेवून बघत होती.

"डायवर, भूत लागलं का तुमाले?"

"पाय हलका करून राह्यलो."

"मंग उपास करा. माये उन्हाळ्याचे पापड काऊन मारून राह्यले?"

"नवकरी राह्यली पाह्यजे का नाई आपली?"

जयवंतेनं आणखी पापड काढून दिले. त्या दिवसांत त्यांच्या घरी भाजीत पापडाचा चुरा, वरणात पापडाचा चुरा. शेजारच्यांनाही वाटीवाटीनं गेला. कोंबड्या तर अशा सोकावल्या, की चंद्रभान पाटावर बसला की येऊन रांगेनं उभ्या राहत. पण हळूहळू पाय ऐकू लागला. आधी पापड तुटायचा, मग तडकायचा आणि शेवटी एक पापड सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकला. चंद्रभाननं तो भाजून खाल्ला. जयवंतेला अर्धा दिला.

खेपेच्या दिवशी भैय्याजी कडक इस्त्रीचं धोतर नेसून मागच्या सीटवर बसले. किसनराव बशी घेऊन स्वतः आला. चहा काठाशी थरथरत होता. नत्थूनं दोन्ही हातांनी बशी घेतली आणि गुडघे जुळवून पुढे बसला, लग्नात अक्षता घेऊन बसतात तसा.

"नत्थू, चाहा थंडा होईन," भैय्याजी म्हणाले.

"थंडाच बरा, भैय्याजी. गरम राह्यला तं माया हात भाजते आन् लोक म्हणते ब्रेकनं सांडला."

चौकातली माणसं हसली. किसनरावनं बाक मुद्दाम जुन्या जागी आणून ठेवला. गाडी समुद्रपूरच्या रस्त्याला लागली. ठरलं असं होतं, की पुढे मोठ्या निंबापाशी चंद्रभाननं एका आण्याचा पाय ठेवायचा. चंद्रभाननं चप्पल काढून ठेवली होती. पायट्यावर जणू पापडच आहे, असं तो मनात धरून होता.

"पळव ना गा जरा," मागून भैय्याजी म्हणाले. "बंडीच्या चालीनं तं कोणताबी ब्रेक लागते. मले कसं समजन?"

चंद्रभाननं नत्थूकडे पाहिलं. नत्थू बशीवरची नजर न उचलता म्हणाला, "पळव. पंधरा आणे माये हाये."

गाडी पळाली. हिवाळ्याचं ऊन होतं. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, मध्येच तुरीच्या ओळी. निंब दिसू लागला. चंद्रभाननं पाय उचलून पायट्यावर नेला, हलका, अगदी हलका.

आणि निंबाच्या अलीकडे, तुरीच्या आडून, पांदणीच्या वाटेनं एक बंडी रस्त्यावर आली. कापसानं डोंगरासारखी भरलेली. हाकणारा वर कापसात झोपला होता आणि बैल आपल्या माहितीच्या वाटेनं घरी निघाले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चंद्रभान!" भैय्याजी ओरडले.

चंद्रभान उभा राहिला.

त्यानं ठरवलं नव्हतं. त्याला विचारायला वेळ नव्हता आणि पायानं त्याला विचारलंही नाही. बैल दिसले, कालवड दिसली, म्हातारीचे हात दिसले आणि पाय आपल्या जुन्या घरी गेला. डोकं टपाला लागलं, स्टिअरिंग छातीशी आलं आणि सोळा आणे पायट्यावर पडले. त्यावर नत्थूचे पंधरा पडले.

गाडी जागच्या जागी गाडल्यासारखी थांबली. डावा बैल एवढ्या जवळ होता, की त्याच्या श्वासाची वाफ बोनेटवर दिसली. त्यानं शेपटी हलवली आणि बंडी रस्ता ओलांडून पलीकडे गेली. वरचा माणूस जागा झाला नाही.

चहा पुढच्या काचेवर पसरून खाली ओघळत होता. काचेच्या मधोमध तडा गेला होता, कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल. नत्थू पुढे वाकलेला होता, कपाळ डॅशबोर्डच्या लोखंडी कडेवर. दोन्ही हात अजून बशी धरल्यासारखे होते. बशी पायापाशी पडली होती.

चंद्रभाननं त्याला खांद्याला धरून मागे टेकवलं. कपाळावर फार काही दिसत नव्हतं. डोळे उघडे होते.

"थांबली का?" नत्थूनं विचारलं.

"थांबली."

"बंडीले?"

"नाई लागली. कोणालेच नाई लागली, नत्थू."

नत्थूनं मान हलवल्यासारखं केलं. मग त्याच्या कानातून रक्ताची एक बारीक रेघ निघाली आणि मानेवरून सदऱ्यात गेली.

भैय्याजींचा ओठ फुटला होता, पण ते उतरले. दोघांनी मिळून नत्थूला मागच्या सीटवर आडवं केलं. भैय्याजींनी त्याचं डोकं आपल्या मांडीवर, त्या कडक धोतरावर घेतलं आणि म्हणाले, "हिंगणघाटले घे. पळव."

चंद्रभाननं गाडी फिरवली. जामच्या चौकातून ती गेली तेव्हा बाकावरची माणसं सवयीनं कप घेऊन उठली. पण गाडी कुणाकडे गेली नाही. हिंगणघाटच्या वाटेवर म्हशी होत्या, एसटी होत्या, शाळेतून सुटलेली पोरं होती, खड्डे होते, आणि चंद्रभाननं प्रत्येक ठिकाणी ब्रेक मारला. बसूनच मारला. असा मारला, की भैय्याजींच्या मांडीवरचं डोकं कुठे सरकलं नाही. बशी भरून कुणाच्या हातात दिली असती तर एक थेंब सांडला नसता. एका आण्याचा पाय त्याला तिथे सापडला.

मध्येच कुठेतरी नत्थू बोलू लागला. हळू, समजावून सांगितल्यासारखा, घरच्या बोलीत.

"काय म्हणून राह्यला?" चंद्रभाननं विचारलं.

"गोंडीत बोलून राह्यला," भैय्याजी म्हणाले. "मले नाई येत. तुले येते का?"

चंद्रभानला येत नव्हती. मग नत्थू थांबला. दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत गेली, तेव्हा भैय्याजींनी चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता सावकाश घे. घाई नाई."

त्याच गाडीतून त्यांनी नत्थूला हिंगणीला नेलं. दुसऱ्या कुणी चालवावी असं सगळे म्हणाले, पण चंद्रभाननं स्टिअरिंग सोडलं नाही. मागे नत्थू, त्याच्या शेजारी रामबाई. रस्ताभर ती एकच गोष्ट बोलली.

"काई म्हणे का तो?"

"बोलला. तुमच्या बोलीत बोलला. मले नाई समजलं, वहिनी."

तिनं परत विचारलं नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आठवून सांगा, आवाज तरी सांगा. तिनं तेवढंही त्याच्यावर टाकलं नाही.

नत्थूचे दिवस झाले आणि भैय्याजींनी चंद्रभानला बोलावलं. त्यांच्या ओठावरची खपली अजून गेली नव्हती.

"नत्थूनं ब्रेक पक्का बनवला," ते म्हणाले. "मी पाह्यला. अशी गाडी मी जिंदगीत थांबताना पाह्यली नाई. काच बदलून देतो. तू चालव."

चंद्रभाननं किल्ली त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवली.

"चाहा सांडला, भैय्याजी."

"अरे, ते मी आपलं बोलण्यात..."

"सांडला. तुमीच म्हणले होते, सांडला तं ईहिरीवर."

इंजिन निघालं. गाडीचा सांगाडा गोठ्यामागे गेला आणि त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. विहिरीवर सिमेंटचा ओटा बांधून इंजिन बसवायला वर्ध्याहून एक फिटर आला होता. त्याला तो पंप दिसला. "ये किस काम का? निकाल दो," म्हणाला. आता ब्रेक नाही, चाक नाही, थांबवायचं काही नाही.

"त्याले हात नको लावू," चंद्रभान म्हणाला. "ते काढलं तं तेल गळते."

फिटरला ते काही पटलं नाही. पण चंद्रभान ज्या पायावर उभा होता तो पाय त्यानं पाहिला आणि पाना पिशवीत टाकला.

मग चंद्रभान विहिरीपाशी बसू लागला. इंजिन लाव, पाणी सोड. सावलीचं काम होतं, भैय्याजी खोटं बोलले नव्हते. गावात त्याला आता कुणी डायवर म्हणत नसे. जयवंता आधी चुकून म्हणे, मग तिनंही सोडलं. उजवा पाय हळूहळू डाव्यासारखा झाला. शिंप्यानं काही विनोद केला नाही.

तामचिनीची बशी त्यानं सांगाड्यातून शोधून घासून पुसून रामबाईला नेऊन दिली होती. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. काठाचा टवका उडाला होता.

"चाहा पेला नव्हता ना त्यानं?" तिनं विचारलं.

"नाई."

"आन् ब्रेक?"

"लागला होता."

रामबाईनं बशी चुलीमागच्या फळीवर ठेवली.

त्या उन्हाळ्यात तिनं जामची झोपडी सोडली आणि भैय्याजींच्या बागेत कामाला आली. झाडांच्या आळ्यांत पाणी फिरवायचं काम. फावड्यानं एका आळ्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. ती आणि चंद्रभान रोज एकाच पाण्याच्या दोन टोकांना असत. बोलणं होत नसे. इंजिनाचा आवाजही मोठा होता.

रोज सकाळी इंजिन लावलं की चंद्रभान एक काम करी, ज्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता. पंपाच्या नळीचं उघडं तोंड हातात घेई आणि त्यावर अंगठा ठेवी. कमानीच्या पाट्याची ती जीभ आत फिरत असे. ती सैल झाली नव्हती, बरबर करत नव्हती. नळी अंगठा धरून ठेवी. अंगठ्याचं टोक निळं होई, बधिर होई. तरी तो लगेच काढत नसे.

एकदा असाच बसला असताना त्याला वाटलं कुणी बघतंय. पाटाच्या कडेला रामबाई फावडं टेकून उभी होती. कधीपासून, कळलं नाही. पाणी तिच्या पायावरून वाहत होतं. आळं भरून ओसंडत होतं आणि ती तोंड बुजवत नव्हती.

चंद्रभाननं अंगठा सोडवायला हात ओढला.

"राहू द्या," ती म्हणाली. मग आवाज इंजिनाच्या वर चढवून तिनं विचारलं, "ओढते का?"

"ओढते," चंद्रभान म्हणाला.

रामबाईनं मान हलवली, वाकली, भरलेल्या आळ्याचं तोंड मातीनं बुजवलं आणि पाणी पुढच्या झाडाला सोडलं.